रविवारची धार

सोमवारी सकाळी हेबेर बेंतांकोर तळघरातल्या प्रयोगशाळेच्या दारात आला तेव्हा सातला पाच मिनिटे होती आणि आतला पंप आधीच सुरू झालेला होता.

"या," इवोन म्हणाली. टोपी आणि मास्क यांच्यामधून तिचे डोळे तेवढे दिसत होते. "तुमचा मेव्हणा साडेपाचला येऊन बसलाय. रखवालदाराने फोन करून उठवलं मला. म्हटलं, गायीगुरं सोडून आलाय माणूस, लवकर मोकळा करू. धार काढली मी. आता औषध शिजतंय."

हेबेर खुंटीवरचा कोट काढून अंगात घालू लागला आणि दोनदा बाही चुकली.

माँटेव्हिडिओतल्या त्या दवाखान्यात शिशाच्या जाड आवरणात बसवलेली एक नळी होती. तिला सगळे गाय म्हणत. नळीत किरणोत्सारी जर्मेनियम होते. ते आपल्या गतीने झिजत राही आणि त्याचे गॅलियम होई. नळीतून सौम्य आम्ल सोडले की गॅलियम उतरून येई; त्याला म्हणायचे धार काढणे. ते गॅलियम एका औषधाला जोडून माणसाच्या शिरेत सोडले, की प्रोस्टेटच्या कर्करोगाची पेशी अंगात कुठेही लपलेली असो, औषध तिला जाऊन चिकटे आणि यंत्राच्या चित्रात तिथे ठिपका पेटे. सगळे काम घाईचे. तासाभरात गॅलियमचा जोर अर्ध्यावर येतो, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. ज्या दिवशी माणूस, त्याच दिवशी धार.

या गायीची एक खोड होती. बरेच दिवस धार काढली नाही तर गॅलियमचेही पुढे जस्त होते आणि ते नळीत साचत जाते. औषधाला गॅलियम धरायला जागा एकच. तिथे जस्त आधी जाऊन बसले की गॅलियम मोकळेच हिंडते आणि चित्र गढूळ येते. म्हणून सुट्टीनंतरची पहिली धार टाकून द्यायची असा नियम होता. पर्यटनाच्या आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या सुट्टीत, तर पुरे नऊ दिवस सगळे बंद, अर्धा देश तंबू घेऊन नदीकाठी गेलेला. तेव्हा त्या शेवटच्या रविवारी कुणीतरी मुद्दाम येऊन धार काढून टाकायची, म्हणजे सोमवारी गाय स्वच्छ. अकरा वर्षे ते काम हेबेरचे होते.

या रविवारी त्याने ते केले नव्हते.

फाटकापर्यंत आला होता. दरवर्षी त्या रविवारी त्याची बायको नेलिदा त्याच्याबरोबर यायची. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती बाहेरच्या बाकावर माते नावाचा तिथला कडवट चहा पीत बसायची. तो अर्ध्या तासाने वर आला की विचारायची, "दिलं का दूध?" मग दोघे किनाऱ्याने चालत घरी जायचे. नेलिदा ऑक्टोबरात गेली. काल हेबेरने गाडी फाटकाशी उभी केली, तर समोर बाक होता. त्याच्याने गाडीतून उतरवेना. सव्वा तास तसाच बसला आणि घरी परत गेला. मनाशी म्हणाला, पहाटे पाचला येऊन टाकून देऊ, तोवर कुणाला गरज नाही. पण पहाटे चारला डोळा लागला तो सहाला उघडला.

एवढेच असते तरी निभावले असते. पण वही होती. दोन दोन हातमोजे चढवले की हेबेरला नीट लिहिता येत नसे, म्हणून तो ओळी आधीच लिहून ठेवी आणि नंतर फक्त आकडा भरी. सुट्टी लागायच्या आधी त्याने सवयीने लिहून टाकले होते: रविवार, पहिली धार काढून टाकली, हेबेर बेंतांकोर. आकड्याची जागा कोरी होती. इवोनने ती ओळ वाचली होती आणि त्या भरवशावर दुसरी समजून पहिलीच धार औषधात घातली होती.

तेव्हाच सांगायला हवे होते. 'थांब, ते टाकून दे', एवढेच. पण पाच वर्षांपूर्वी एकदा पाच दिवसांची धार अशीच चुकून वापरली गेली होती आणि ती चाचणीत उत्तीर्ण झाली होती, हे त्याला आठवले. कदाचित हीही होईल. तो मूग गिळून बसला.

"औषध निवेपर्यंत मेव्हण्याला भेटून या," इवोन म्हणाली. "बिचारा उपाशी बसलाय."

दार्दो ओद्रिओसोला वरच्या मजल्यावर भिंतीकडच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. नेलिदाचा धाकटा भाऊ, वय चौसष्ट, कार्दाल गावाजवळ चाळीस गायी. दोन वर्षांपूर्वी त्याचे प्रोस्टेट काढले होते. गेल्या हिवाळ्यापासून रक्तातला आकडा पुन्हा चढू लागला. डॉक्टर म्हणाले, चित्र काढू. रोग एकाच जागी असला तर किरणांचा शेक देऊन संपवता येईल, हाडांत गेला असला तर रस्ता वेगळा. दार्दोने दोनदा तारीख चुकवली. एकदा गायी विताहेत म्हणून, एकदा दूध काढायचे यंत्र बिघडले म्हणून. नेलिदा दवाखान्यातल्या खाटेवरून हेबेरला म्हणाली होती, "तू ने त्याला. तो माझं ऐकत नाही, तुझं तर मुळीच ऐकणार नाही. तरी ने."

"दाजी!" दार्दो उठला. "किती वेळ अजून? दुपारच्या धारेला मी पोचतो असं सांगून आलोय. मिर्ताच्या हाताला त्या पान्हा सोडत नाहीत."

"यंत्राने काढता ना?"

"यंत्र लावायलासुद्धा ओळखीचा हात लागतो. माझी पोरगी गायीशी बोलताना फोनवर बोलते. गायीला कळतं ते."

"होईल. साडेनऊपर्यंत."

"झालं तर झालं. नाही झालं तर मात्र मी आत्ताच सांगून ठेवतो, पुन्हा यायचा नाही. ही तिसरी खेप." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगू का दाजी, नाही झालं तर बरंच. जे बघितलंच नाही ते आहे असं कोण म्हणतो?"

"तुझी बहीण असंच म्हणायची," हेबेर म्हणाला. "दीड वर्ष म्हणाली."

दार्दो खाली बसला आणि टोपीची कड चाचपत राहिला.

हेबेर खाली आला. चाचणी त्याच्याच हातची. कागदाच्या पट्टीवर औषधाचा थेंब ठेवायचा, पट्टी द्रवात उभी करायची, द्रव वर चढला की गॅलियम कुठे किती आहे ते मोजायचे. शंभरातले पंचाण्णव तरी औषधाला धरलेले हवे. पट्टी मोजणाऱ्या यंत्राने आकडा दाखवला: एकाहत्तर.

इवोन त्याच्या खांद्यावरून बघत होती. "पुन्हा मोजा."

पुन्हा एकाहत्तर.

"औषधाची कुपी खराब," ती म्हणाली. "सुट्टीत वीज गेली असेल, फ्रीज बंद पडला असेल. आता एकच उरलीय, तीही याच खोक्यातली. ती वाया घालवण्यात अर्थ नाही. नवं खोकं गुरुवारी येतंय. आजचं रद्द. तुमच्या मेव्हण्याला पुढच्या सोमवारी बोलवा. मी कंपनीला कडक पत्र लिहिते."

हेबेर पट्टीकडे बघत राहिला. सुटका अशी समोर चालून आली होती. कुपीच्या माथी खापर फुटले असते. वहीत तो फक्त एक आकडा भरला असता, कोणताही, आणि कुणाला कधी कळले नसते. निवृत्तीला त्याची दोन वर्षे राहिली होती. औषधाच्या वहीत खोटी ओळ सापडली तर त्या दोन वर्षांचे काय होईल हे त्याला पक्के माहीत होते. आणि वर दार्दो टोपी घेऊन बसला होता, घरी जायला निमित्त शोधत.

"कुपी चांगली आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"रविवारी मी आलो नव्हतो."

इवोनला आधी अर्थच लागला नाही. तिने वही ओढून घेतली. "इथे लिहिलंय की."

"ते आधीचं. सुट्टी लागायच्या आधी लिहून ठेवलं होतं."

"आधी?"

"ओळ आधी लिहितो, आकडा नंतर. अकरा वर्षं असंच चाललंय. दर वेळी काम झालं म्हणून आकडा खरा भरला गेला. काल फाटकापर्यंत आलो आणि परत गेलो. तू काढलीस ती पहिलीच धार. नऊ दिवसांचं जस्त आहे त्यात."

इवोनने हातमोजे काढून डब्यात टाकले आणि स्टुलावर बसली. ती साहेब होती, पण आल्यावर पहिले बारा महिने त्याच्या हाताखाली उभी राहून गाय हाताळायला शिकली होती.

"पहिल्या दिवशी मला काय सांगितलं होतंत तुम्ही?"

"जे झालं नाही ते वहीत नाही."

"मी आत शिजवत होते आणि तुम्ही इथे कोट घालत उभे होता. तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि हे त्याच्या शिरेत गेलं असतं म्हणजे?"

"चाचणीने अडवलं असतं."

"चाचणीने!" ती ताडकन उठली. "चाचणी असते ती औषध बिघडलं तर कळावं म्हणून. तुम्ही खोटं लिहिलंत ते पकडायला नसते, हेबेर! पाच वर्षांपूर्वीच्या त्या धारेसारखी ही पण निसटली असती तर? चित्र गढूळ, डॉक्टर म्हणणार काही दिसत नाही, आणि हा माणूस घरी जाऊन गायी पाळत बसणार."

हेबेरने मान खाली घातली.

ती दोन येरझाऱ्या घालून आली. आवाज थोडा उतरला होता. "आकडा कोरा होता तो मी पाहिला. म्हटलं, विसरले असतील, घरचं दुःख आहे, कशाला टोचा. विचारायला हवं होतं मी. तेवढी चूक माझी. बाकीची तुमची."

"हो."

"किती वाजले?"

"साडेसात."

"जस्त सगळं निघालं असेल?"

"बहुतेक पहिल्याच धारेत निघतं. पण आता एकदा आणखी धुऊन टाकू आणि घड्याळ लावू. साडेअकरापर्यंत पुन्हा भरेल."

"म्हातारी झालीय ती. पुरेल?"

"एका माणसाला पुरेल. अंगाने बारीक आहे तो."

"आधी वही," इवोन म्हणाली.

हेबेरने पेन घेतले. जुन्या ओळीवर एकच रेघ मारली, खालची अक्षरे वाचता येतील अशी, आणि शेजारी लिहिले: 'रविवारी आलो नाही. धार काढली नाही. वरची ओळ आधी लिहिलेली व खोटी आहे.' वेळ घातली, सही केली. इवोनने खाली आपली सही केली आणि वरिष्ठांना कळवण्यासाठी त्या पानाचा फोटो काढला. "पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही," ती म्हणाली. हेबेर म्हणाला, "असू दे." खरोखरच त्याला ते असू दे वाटत होते. पट्टीवरचा आकडा बघताना छातीवर जो दगड होता, तो आता नव्हता.

मग तो दार्दोकडे गेला. हे जास्त अवघड होते.

दार्दोने त्याचा चेहरा पाहिला आणि टोपी डोक्यावर ठेवली. "नाही ना होत? मी म्हटलंच होतं. चला, येतो मी."

"होतंय. पण दीड वाजेल."

"दीड! का? तुमची गाय आटली?"

"आटली नाही. मी नऊ दिवस तिची धार काढली नाही."

दार्दो जागच्या जागी थांबला. "नऊ दिवस? अहो दाजी, कास फुटेल तिची! माझ्याकडे कुणी असं केलं असतं तर लाथ घालून कुंपणाबाहेर काढला असता त्याला."

"काढतील मलाही, बहुतेक."

"पण तुम्ही? तुम्ही तर घड्याळाच्या पोटी जन्मलेले. तायडी म्हणायची, याला वेळेवर जेवायला नाही घातलं तर हा भूक लागली म्हणत नाही, सव्वा वाजला म्हणतो."

हेबेरने त्याला सांगितले. फाटक, गाडी, बाक. चार वाक्यांतच संपले. वहीचेही सांगितले. दार्दो ऐकता ऐकता हळूहळू परत खुर्चीत बसला.

"मी ऑक्टोबरपासून तुमच्याकडे फिरकलो नाही," तो म्हणाला. "गायी, गायी म्हणत राहिलो. गायी बघायला दिवसभर माणूस मिळतो की. दार उघडायला ती येणार नाही, म्हणून नाही आलो." त्याने नाक पुसले. "आणि तुम्ही मला हे सांगितलं नसतं तर?"

"तर तू आत्ता बसमध्ये असतास."

"आनंदाने असतो." तो खिशातून फोन काढू लागला. "आता कसा जाऊ? तुम्ही स्वतःची मान कापून दिलीत, मी काय पाय लावून पळू?"

त्याने लेकीला फोन लावला. आवाज पूर्ण मजल्याला ऐकू गेला. "मिर्ता, दुपारची धार तूच काढ. हो, तूच. तो फोन गोठ्याबाहेर ठेव. काळी शेवटी घे, ती लाथ मारते. आणि आधी प्रत्येकीच्या सडातल्या दोनतीन चिळकांड्या जमिनीवर सोड, मग यंत्र लाव, कितीदा सांगायचं?" मग फोन बंद करून हेबेरला म्हणाला, "बघा, पहिलं दूध टाकायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं आमच्यात."

साडेअकराला इवोन हेबेरला म्हणाली, "धार तुम्ही काढा. मी शेजारी उभी राहते. आकडा आला की मोजे काढायचे, लिहायचं, नवे मोजे घालायचे. कितीही वेळ लागो."

वेळ लागला. चार वेळा मोजे बदलावे लागले. गॅलियम अपेक्षेपेक्षा थोडे कमी उतरले, पण पुरेसे होते. शेवटची कुपी उघडली, औषध दहा मिनिटे शिजले, निवले. हेबेरने थेंब ठेवला. पट्टीत द्रव वर चढायला जो वेळ लागतो तो एरवी तो इकडेतिकडे आवरण्यात घालवी; आज तो नुसता उभा राहिला.

अठ्ठ्याण्णव.

"पुन्हा मोजा," इवोन म्हणाली, पण तिचे डोळे हसत होते.

पुन्हा अठ्ठ्याण्णव. हेबेरचा जीव भांड्यात पडला. त्याने मोजे काढले आणि आकडा लिहिला.

शिशाच्या वेष्टनातली सिरिंज वर गेली. दार्दोने ती बघून विचारले, "एवढंसं? चार तास थांबून चमचाभर? अशी गाय मी खाटकाला दिली असती." तासभर त्याला एका खोलीत एकट्याला पडून राहावे लागले. मग यंत्रात घेतले.

पावणेदोनला डॉक्टर लार्रोसांनी हेबेरला आत बोलावले. हे डॉक्टर तोंडावरून काही कळू न देणारे होते. दार्दो कपडे घालून पडद्यासमोर आधीच उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पडद्यावर त्याच्या अंगाची करडी आकृती होती आणि तिच्यात जागोजागी दिवे लागले होते.

"दाजी," तो कुजबुजला, "सगळीकडे आहे हो."

"ते नव्हे," हेबेर म्हणाला. "लाळेच्या ग्रंथी, मूत्रपिंडं, मूत्राशय. ते सगळ्यांचेच पेटतात. माझेही पेटतील."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले आणि पेनाचे टोक ओटीपोटाच्या डाव्या बाजूला नेले. "आपल्या कामाचा हा एकच. लसिकेची गाठ आहे, मसुराएवढी. बाकी हाडं स्वच्छ, यकृत स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ. चित्र छान आलंय, हेबेर. अगदी लख्ख."

हेबेरने दार्दोसाठी खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे काय?" दार्दोने विचारले.

"म्हणजे ती गाठ आणि आसपासचा भाग शेकायचा. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. खात्री कुणीच देत नाही, पण अशा वेळी सापडलेलं आम्हाला आवडतं. सहा महिन्यांनी आला असतात तर मी असं बोललो नसतो."

"रोज? कार्दालहून रोज?"

"माझ्याकडे राहशील," हेबेर म्हणाला.

"आणि धारा?"

"मिर्ता काढेल."

"ती काळीची लाथ खाईल."

"खाऊ दे," डॉक्टर म्हणाले, आणि चेहरा न बदलता बाहेर गेले.

जिन्यात इवोन भेटली. तिला चित्राचे कळले होते. तिने तिथल्या रीतीप्रमाणे दार्दोच्या गालाला गाल लावला आणि हेबेरला म्हणाली, "उद्या नऊला वरिष्ठांनी बोलावलंय तुम्हाला. मी येतेय बरोबर." मग म्हणाली, "पुढच्या वर्षी तो रविवार माझा. तुम्ही कुठेही जा, इथे येऊ नका."

"पुढच्या वर्षी मी इथे असलो तर."

"असलात तर."

दोघे मेव्हणे रस्ता ओलांडून समोरच्या उपाहारगृहात गेले. दार्दो आदल्या संध्याकाळपासून उपाशी होता. त्याने पावात घातलेला तळलेला मांसाचा काप मागवला, तो संपायच्या आत दुसरा सांगितला, आणि तोंडात घास असतानाच लेकीला फोन लावला.

"मिर्ता. हो, झालं. मसुराएवढं. अगं मसूर, मसूर. नाही, हाडांत नाही. कुठेच नाही. स्वच्छ. ते म्हणाले..." आणि पुढे त्याला बोलता येईना. तो मान हलवत राहिला, जणू फोनमधून ते दिसणार होते. शेवटी त्याने फोन हेबेरच्या हातात दिला.

"आतोबा?" पलीकडून मिर्ता ओरडत होती. "बाबांना काय झालं? रडताहेत का ते?"

"रडतोय," हेबेर म्हणाला. "बरा आहे तो, पोरी. रडतोय आणि जेवतोय. तू धारेचं बघ."